पायाशी ठेवलेली पिशवी

शेवटच्या दिवशी आमचे काका सकाळपासून बोललेच नाहीत. डॉक्टर येऊन गेले. पायाला ऊब देत राहा म्हणाले, बाकी आता माझ्या हातात काही नाही. झालं, काकूला तेवढंच पुरलं. पाणी तापवायचं, रबराच्या पिशवीत भरायचं, पिशवी पांघरुणाखाली काकांच्या पायाशी सरकवायची. निवलं की परत पातेलं गॅसवर.

काकांचा जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेला. हात कायम गारढोण. काकू घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, तिचं सगळं उलटं. इस्त्री धरून धरून तळहात पार मेलेले, चटका बसला तरी पत्ता नाही. आम्हा पोरांना ताप आला की ती गाल लावून बघायची. हाताचा काय भरवसा, म्हणायची.

काका कामावरून आले की इस्त्रीच्या ताज्या गठ्ठ्यात हात खुपसायचे.

"अहो, लोकांचे शर्ट आहेत ते."

"मग तुझे हात दे."

ती द्यायची. मग बसायचे दोघं हात धरून, कुणाचा गार कुणाचा गरम ते कळेनासं होईपर्यंत. काकूला तसंही कळत नव्हतं म्हणा. काका म्हणायचे, "तू तापलेली, मी गारठलेला. दोघं मिळून एक धड कोमट माणूस होतो."

तर त्या दिवशी दुपारी काकूने पांघरुणात हात घातला आणि तिचा चेहराच उजळला. आमच्या आईला, म्हणजे धाकट्या जावेला, तिने हाक मारली. "ये गं, बघ. माझ्या हातालासुद्धा कळतंय. पाय गरम झाले त्यांचे."

आईने पाय बघितले. मग काकांचा हात हातात घेतला, कपाळाला हात लावला. नाकापाशी बोटं धरून बराच वेळ थांबली.

"जाऊबाई, पाय पिशवीमुळे गरम आहेत."

"असू दे ना. चढेल हळूहळू वर."

"गाल लावून बघा."

 सकाळपासून काकूने एकदाही गाल लावला नव्हता. वाकली, काकांच्या गालाला गाल टेकवला, आणि तशीच राहिली. आईनेच शेवटी धरून उठवलं.

संध्याकाळी काकांना पोचवून पुरुष माणसं परत आली. आई काकांचं अंथरूण गोळा करायला लागली तर पांघरुणात पिशवी निघाली. ती पाणी ओतायला मोरीकडे निघाली.

"राहू दे," काकू म्हणाली. "अजून गरम आहे ती."

आईच्या हातात पिशवी होती. फरशी जेवढी गार तेवढीच ती गार. आईने ती परत आणून काकूला दिली.

काकूने ती दोन्ही तळहातांत धरली आणि भिंतीला टेकून बसली. गालाला काही लावली नाही.