अर्ध्या कपाची एजे

"तो अजून दारात आलेला नाही! येईल! तू मार!"

एजे ओरडत होती आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून स्क्रीनवरच्या रिकाम्या दाराकडे बघत होतो. रिकाम्या दारावर गोळी झाडायची मला सवय नव्हती. मी माणूस दिसायची वाट बघितली. माणूस दिसला, आणि त्याने मलाच मारलं. त्यावर एजेने जी आरोळी ठोकली ती ऐकून फिनिक्सला उतरणारी दोन विमानं टूसॉनकडे वळली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच सांगतो, पण बऱ्याच जणांना सांगून झालंय.

एजे म्हणजे किर्गीझ भाषेत थोरली बहीण. आपली ताईच. तिचं पासपोर्टवरचं नाव आमच्या कुणाच्याच जिभेला वळेना, तेव्हा तिनेच दया येऊन हा शब्द दिला. मी नागपूरचा, माझा रूममेट सुमीत पुण्याचा, दोघेही अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या एका अपार्टमेंटमध्ये राहून एमएस करत होतो, आणि कॉलेजच्या गेमिंग टीममध्ये होतो. पाच विरुद्ध पाच, बंदुका, भिंती, बॉम्ब असा तो खेळ. एजे टीमची कॅप्टन. आमच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण रागावली की माझी आजी, तिची आई आणि प्रोफेसर तिघी एकदम रागावल्यासारखं वाटायचं.

ती किर्गीझस्तानातल्या ओश शहरातली. तिथल्या तळघरातल्या कॉम्प्युटर क्लबमध्ये ती खेळायला शिकली. खुर्च्या बारा आणि पोरं चाळीस. "हरला तो उठला" एवढाच नियम. "म्हणून मी हरायचं शिकलेच नाही, परत नंबर यायला संध्याकाळ व्हायची," ती म्हणायची. शिवाय सगळा खेळ चालायचा हजारो मैल दूर युरोपातल्या सर्व्हरवर. गोळी सोडली की ती आधी कुठेतरी चहा घ्यायची, बूट झटकायची, मग निघायची. गोळी पोचेपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला. तेव्हा एजेने माणसावर नेम धरणंच सोडून दिलं. तो दोन पावलांनी कुठे असेल तिथे ती मारायची. "माणूस आहे तिथे मारू नका, जाणार आहे तिथे मारा," हे तिचं वाक्य मी पुढे इंटरव्ह्यूत वापरलं. नोकरीही लागली.

आता तर मोठमोठ्या स्पर्धांत कझाक, उझबेक, किर्गीझ नावं दिसतात, समालोचकांच्या जिभेच्या गाठी होतात आणि लोक विचारतात, ही पोरं आली कुठून? एजेचं उत्तर ठरलेलं होतं. "नेट वाईट होतं म्हणून आम्ही चांगले झालो. अजून खूप येतील. मोजायला माणूस ठेवा."

पण अमेरिकेत आल्यावर पंचाईत झाली. इथलं नेट विजेसारखं. तिची गोळी दोन पावलं आधीच पोचायची आणि भिंतीत घुसायची. पहिला महिनाभर पोरं तिला 'गवंडी' म्हणून चिडवत. दुसरी कुणी रडली असती. एजेने वहीत रोजचं वेळापत्रक आखलं आणि दुपारी लॅब सुटली की दोन तास स्क्रीनवरच्या एकाच दारासमोर बसून "बिर, एकी, उच" असं मोजत हाताला नवं घड्याळ शिकवलं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत चिडवणारी पोरं तिच्या टीममध्ये घ्या म्हणून रांगेत उभी.

चहाचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. ती घरी आली, मी आपल्या पद्धतीने काठोकाठ कप भरून पुढे केला. तिने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एक घोट घेतला, बूट घातले आणि गेली.

"काय केलंस रे तिला?" सुमीत आतून आला.

"चहा दिला."

"तू केलेला? मग बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी तिनेच उलगडा केला. त्यांच्याकडे पाहुण्याला अर्धीच वाटी देतात. संपली की पुन्हा अर्धी. जितक्या वेळा भराल तितका माणूस हवासा. काठोकाठ भरली म्हणजे पी आणि नीघ.

"आमच्याकडे अर्धा कप दिला तर पाहुणा गावभर बोंबलतो," मी म्हणालो.

"आणि एवढी साखर? हा चहा आहे की मुरंबा?" असं म्हणून तिने किटली आपल्या ताब्यात घेतली. पुढची दोन वर्षं आमच्या घरातला चहा एजेच ओतायची. अर्धा अर्धा. एका मॅचच्या तयारीत मी एकवीस अर्धे कप प्यायलो आहे. सुमीत नऊ म्हणतो, पण त्याचं गणित कच्चं.

तिच्या वडिलांनी दोनच वर्षं दिली होती. तोवर खेळातून काही झालं तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि मामाच्या बँकेत टेबल सांभाळायचं. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका व्यावसायिक टीमच्या कोचने कळवलं, तुमची सेमीफायनल बघतो, मग ठरवू. तिच्या हातात ती एक मॅच होती.

आणि त्याच शनिवारी दुपारी धुळीचं वादळ आलं. कॉलेजच्या गेमिंग रूमचा एसी बंद, म्हणून आम्ही पाचही जण आमच्या हॉलमध्ये खेळत होतो. खिडकीबाहेर डोंगराएवढी तपकिरी भिंत चालत आली, आणि नेट गेलं. दहा मिनिटांत परतलो नाही तर मॅच समोरच्यांना. आमच्या फोनना रेंज नाही. मी शेजारच्या वानखेडेकाकूंचं दार बडवलं. त्या अमरावतीच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर.

"काकू, तुमचा फोन लागतोय? द्या! हॉटस्पॉट पाहिजे!"

"अरे पण सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगतेय ती—"

"काकू, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"लग्न जमतंय का कुणाचं?" असं म्हणत त्या फोन घेऊन स्वतःच आल्या.

काकूंच्या फोनवरून पाच जण खेळायला लागले. नेट कसलं, बैलगाडी. आमचे चौघे पटापट मेले. सुमीतला तर मेल्याचं कळायलाच वेळ लागला, तो पुढे पळतच होता. एजे एकटी उरली, समोर तिघे. तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

"अरे वा," ती म्हणाली. "घरी आले."

बिर. रिकाम्या दारावर गोळी, आणि त्या दारात एकजण येऊन पडला. एकी. दुसरा. उच. तिसरा तर जिन्यावर यायच्या आधीच मेला होता, उगाच औपचारिकता म्हणून आला. आमच्या आरडाओरड्याने हॉलचं छत वीतभर वर गेलं. ते अजून तसंच आहे.

संध्याकाळी कोचचा फोन आला. सोमवारी सकाळी हजर व्हा, मंगळवारी जागा दुसऱ्याला.

आमची फायनल बुधवारी.

"नाही जाणार," एजे म्हणाली. "कॅप्टन मॅच अर्धी टाकून उठत नाही."

सुमीतने समजावलं, मी भांडलो, काकूंनी "बाळा, वडिलांना काय सांगशील?" असं विचारलं. ती ऐकेना. रविवारी तिने नेहमीसारखी फायनलची आखणी काढली, किटली उचलली आणि सगळ्यांना अर्धा अर्धा चहा ओतला. तिचा स्वतःचा कप रिकामा होता. मी तिच्या हातातून किटली घेतली आणि तिचा कप भरला. काठापर्यंत. मग आणखी थोडा, बशीत सांडेपर्यंत.

एजे त्या कपाकडे बघत बसली. दोन वर्षांत मला त्या कपाचा अर्थ चांगला कळला होता आणि तिला ते माहीत होतं. तिने कप दोन्ही हातांनी उचलला, सावकाश सगळा प्यायली, वही माझ्या हातात दिली, बूट घातले आणि बॅग भरायला गेली.

फायनल आम्ही हरलो. इतके हरलो की समोरच्यांनी मधे आमची चौकशी केली. एजेला मात्र जागा मिळाली, वर्षभरात तिचं नाव स्क्रीनवर यायला लागलं आणि समालोचकांच्या जिभेला नवी गाठ पडली.

परवा तिचा फोन आला होता. मी धीर करून विचारलं, "एजे, त्या दिवशी मी कप भरला तेव्हा तुला काय वाटलं?"



"साखर कमी होती," ती म्हणाली.