सासऱ्यांचं पोर्तुगीज

मला माझ्या जावेचा हेवा वाटतो. आज नानांचं वर्षश्राद्ध आहे, तरीही वाटतो.

नाना म्हणजे माझे सासरे. मूळ दोंडाईच्याचे, कापसाचे शेतकरी. शेती बटाईनं देऊन आमच्याकडे पिंप्राळ्यात राहायला आले. जुन्या वळणाचा माणूस. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत.

चहा हवा असला तरी नातीला सांगायचे, "तुनी मायले सांग, चहा ठेव म्हना."

मी तिथंच, ओट्यापाशी. हातभर अंतरावर!

पंधराएक वर्षं हे असंच.

मग माझ्या धाकट्या दिरानं लिस्बनला लग्न केलं. सोफियाशी. तिला ना मराठी येत, ना हिंदी. झालं! सत्तरी ओलांडलेले नाना मोबाईलवर पोर्तुगीज शिकायला बसले.

रोज दुपारी व्हिडिओ कॉल. कितीला उठतेस, कधी जेवतेस, कधी झोपतेस. नेमकी वेळ सांगायची नानांना सवयच नव्हती, त्यामुळे 'पोर व्होल्ता', म्हणजे 'च्या आसपास', हे सगळ्यात आधी पाठ झालं.

सहाच्या आसपास उठतो, साडेसहाच्या आसपास चहा पितो, असं तिला सांगायचे.

चहा कोण करतं ते नाही सांगायचे. तो लेसन आला नसेल अजून.

मी भाकरी थापता थापता ऐकायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मेली ती कधी झोपते याची एवढी चौकशी, आणि मी कधी झोपते हे या घरात कुणी विचारलंय का कधी?

नवऱ्याला म्हटलं, तर म्हणे, अगं, प्रॅक्टिस करताहेत ते.

करायची होती माझ्याबरोबर.

शेवटी नाना अंथरुणाला खिळले. लेक शिकायला पुण्याला, नवरा दुकानात. मधे निरोप सांगणारं कुणीच उरलं नाही. पाणी हवं असलं की खोकायचे. मी समजून घ्यायचे.

एका दुपारी त्यांना पेज भरवत होते. बसल्या बसल्याच माझा डोळा लागला, चमचा कलंडला. दचकून जागी झाले. नाना भिंतीकडे बघत म्हणाले,

"आ के ओराश दॉर्मेश?"

कितीला झोपतेस?

खोलीत आम्ही दोघंच. सोफियाचा फोन चालू नव्हता.

माझी मान काही वर होईना. पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं सगळं. म्हटलं, "पोर व्होल्ता दाश ओंझ."

अकराच्या आसपास. खरं तर बारा वाजायचे, पण म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगा.

"तार्द," नाना म्हणाले. उशीर होतो.

आणि पेजेची वाटी माझ्याकडून काढून घेतली. अर्धी अंगावर सांडली, पण स्वतःच्या हातानं प्यायले.

सोफियाला तीनेक वर्षं मिळाली. मला ती एक दुपार. हेवा वाटणारच ना?

नाना, थोरल्या सुनेचा वाकून नमस्कार.

आता रात्री तुमच्या औषधासाठी जागायचं नसतं. दहाच्या आसपास झोपते.