दोन्हीकडे पहिला नंबर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि आईच्याच टोपलीत तर ते येऊन पडत होतं. तुम्हाला का सांगतेय? नीट माहीत नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून जमत असेल.

मी भामरागडच्या वाटेवरच्या एका शाळेत गणित शिकवते. सहावीला लसावि-मसावि शिकवताना मी घंटांची उदाहरणं देते, दिव्यांची देते, एसटीच्या फेऱ्यांची देते. मासे धरण्याचं एकही देत नाही. माझी अर्धी मुलं नदीवर वाढलेली. त्यांना ते चटकन कळलं असतं.

माझं माहेर सिंदेवाहीकडचं. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावाला लागून एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि दुसऱ्या अंगाला पाऊण तासाच्या वाटेवर मोठा तलाव. बोडीत चार घरांचा हक्क, तलावात सहा. दिवाळी झाली की दोन्हीकडे एकाच दिवशी जाळं पडायचं आणि मग रोज एकेका घराचा नंबर. बोडीत तो चार दिवसांनी फिरून यायचा, तलावात सहा दिवसांनी. कुणाला आपल्या दिवशी जमलं नाही तर तो दिवस पुढच्या नंबरच्या घराला, असा रिवाज होता. दोन्हीकडे हक्क असलेलं घर एकच — सिंधूकाकीचं.

काकीचा नवरा गेला होता. कडेवर वर्षाचं लेकरू. नवऱ्यामागे तिनं स्वतः जाळं हाती धरलं होतं. त्या साली चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा तिचा दोन्हीकडे पहिला नंबर लागला आणि सगळे म्हणाले, नशीब काढलं बाईनं. तलावात दुसरा नंबर आमचा होता. पुढेही दरसाल तोच क्रम राहिला.

बोडीत काकीचे दिवस पहिला, पाचवा, नववा, तेरावा. तलावात पहिला, सातवा, तेरावा. दिसतंय ना? दर बारा दिवसांनी तिचे दोन्ही नंबर एकाच दिवशी. लेकरू घेऊन ती जवळच्या बोडीवर जायची आणि तलावाचा दिवस सोडून द्यायची. तो आम्हाला यायचा. मग आमचे लागोपाठ दोन दिवस. बाबा म्हणायचे, "बाराव्या दिवसाले देव देते आपल्याले."

देव नव्हता. मी तेव्हा सहावीत होते आणि शाळेत नुकताच लसावि झाला होता. चार आणि सहाचा लसावि बारा. वहीच्या मागच्या पानावर मी दोन रांगा मांडल्या आणि देवाला पकडलं. पण मी तिथेच थांबले नाही — थांबले असते तर बरं झालं असतं. मसावि काढला. दोन. म्हणजे काकीचे बोडीचे सगळे दिवस विषम, तलावाचेही सगळे विषम, म्हणून ते भेटत होते. तलावात ती एक दिवस पुढे सरकली की तिचे दिवस दुसरा, आठवा, चौदावा. सगळे सम. मग ते कधीच भेटले नसते, अख्ख्या हंगामात एकदाही नाही. त्यासाठी काय लागलं असतं? तलावात आमचा आणि तिचा नंबर अदलाबदल. आमचा बोडीत हक्कच नव्हता. आमच्या वाट्याचा एकही दिवस गेला नसता. फक्त वरचा, तिचा, मिळाला नसता.

बोडीत पाच घरं असती तर मसावि एक आला असता आणि कसंही सरकवलं तरी ते दिवस भेटलेच असते. मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण घरं चार होती.

मी बोलले नाही. भूक होती का? नाही, आमच्या घरी दोन वेळचं व्यवस्थित होतं. लागोपाठ दोन दिवस तलाव मिळाला की आई खुशीत असायची, माझी वेणी घालताना गुणगुणायची. ते मला हवं होतं. आणि दुसरं — याची जास्त लाज वाटते — गावात हे फक्त मलाच माहीत आहे, याची मजा वाटायची.

इथपर्यंत नुसतं गप्प बसणं होतं. पुढचं वेगळं आहे.

एक दिवस काकी पळसाच्या पानात झिंगे, म्हणजे बोडीतली कोळंबी, घेऊन आली. माझ्यासाठी. मला आवडतात म्हणून. ओट्यावर बसली, लेकराला मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाली, "तू तं शिकून राह्यली पोरी. माहेच दोन नंबर एका दिवशी काऊन येते? लोक म्हणते, हिच्यातच काही आहे. नवरा खाल्ला, आता नंबर खाऊन राह्यली. खरं सांग, माह्यात आहे का काही?"

वही माझ्या हातात होती. पान उलटायचं, एवढंच काम होतं.

मी म्हणाले, "नाई काकी. गणितच तसं आहे. कोणी काही करू शकत नाई."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, दुःखानं. पुढची चार वर्षं तिचा दर बारावा दिवस आमच्याकडे येत राहिला. मग तलाव ठेक्यानं गेला आणि नंबरच संपले.

दोन वर्षांपूर्वी माहेरी गेले तेव्हा काकीनं मला जेवायला बोलावलं. ते कडेवरचं लेकरू आता कर्ता पुरुष झालंय. त्याची बायको वाढत होती, मरळीचं कालवण आणि भात. काकी थकलेली, भिंतीला टेकून बसलेली. सुनेला म्हणाली, "हे माही मास्तरीण. सारं गाव मले अवदसा म्हणे. ह्या पोरीनं सांगतलं, तुह्यात दोष नाई काकी, गणितात आहे. तेवढ्या एका बोलावर मी दिवस काढले पाय."

माझा घास हातातच राहिला. आता सांगावं का? सांगितलं तर तिचे कोणते दिवस परत येणार होते? आणि जो एक बोल तिनं इतकी वर्षं जपला, तोही मीच काढून घ्यायचा? — असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं एवढंच, की मी घाबरले. मला तिची मास्तरीण राहायचं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात काकी गेली.

काकीकडे जेवले त्या दिवशी सुनेनं विचारलं, "आणखी वाढू का, बाई?" मी ताट पुढे केलं.