सोपान मिस्त्रींची काळी पिन

सोपान मिस्त्री पोलादाची पारख ठिणग्यांवरून करीत. तुकडा ग्राइंडरला टेकवून उडणाऱ्या ठिणग्यांकडे ते मान तिरकी करून पाहत, आणि तेवढ्यात कोणी तोंड उघडले तर त्याला केडगावच्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर काढीत. "त्या बोलत्यात तवा मानसानं गप ऱ्हावं," असे ते ठिणग्यांविषयी म्हणत.

अशा माणसाने भंगारातले सडके लोखंड वापरून सख्खा भाऊ गमावला, असे परवा एका स्मरणिकेत छापून आले. लिहिणाऱ्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी तांत्रिक शाळेत लेथ शिकवीत होतो आणि रोज संध्याकाळी त्या शेडमध्ये बसत होतो. मिस्त्री बापुडवाणे होते, हेही त्याच लेखातले असत्य. ते गर्विष्ठ होते, आणि तो गर्व त्यांना शोभत असे.

लष्कराच्या लिलावातल्या जुन्या मोटारसायकली घेऊन हौशी मंडळी त्यांच्याकडे नवे भाग घडवायला येत. पाय ठेवायच्या दांडीला नरम लोखंड, कारण पडल्यावर ती वाकली पाहिजे. फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या बुशला पितळ. पुढचे चाक धरणारा फोर्क जिच्यावर तोललेला असतो त्या पिनेला मात्र ट्रकच्या ॲक्सलचे पोलाद. तेही तापवून, जळक्या तेलात बुडवून काळे केलेले. एक बागायतदार हटून बसला, "मिस्त्री, सगळं चमकलं पायजे." मिस्त्री म्हणाले, "मग आरसा घ्या की. मारा त्यालाच किक. जिथं जीव टांगलाय तिथं चमक न्हाई."

कडक पोलादाला क्रोमचा चकचकीत मुलामा द्यावाच लागला, तर तो भाग ते तडक बेकरीत नेत आणि पाव निघाल्यावर भट्टीत तासन् तास भाजत ठेवीत. "मुलाम्याचं ॲसिड पोलादाच्या पोटात शिरतं, सर. भाजल्याबिगर निघत न्हाई. आत ऱ्हायलं तर पोलाद काचंवानी तुटतं."

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावची घरची शेती करपली, तेव्हा धाकट्या भावाला, नामदेवाला, कामधंद्यासाठी त्यांनी एक मोटारसायकल बांधून दिली. त्याचे लग्न ठरले होते.

"दादा, सासरवाडीला ही काळी पिन घिऊन जाऊ व्हय? हसत्याल की!"

"हसू दे. हसन्यानं कुनी मरत न्हाई."

नामदेवाने ती पिन गुपचूप काढून शहरात क्रोम करून आणली आणि स्वतःच बसवली. बेकरीची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. दुसऱ्याच दिवशी सासरवाडीच्या वाटेवर, एका मोरीच्या हादऱ्याने पिन तुटली आणि तो जागीच गेला.

तिचे दोन्ही तुकडे आम्ही दोघांनी पाहिले. वर क्रोम लखलखत होता; आत खडीसाखर फुटावी तसा स्वच्छ भंग. मिस्त्री एवढेच म्हणाले, "सर, भाजली न्हाई." स्मरणिकाकारांनी ध्यानात घ्यावे, सडके नरम लोखंड तुटण्याआधी वाकते. ती पिन केसभरही वाकली नव्हती.

मग ही अफवा उठली कोठून? तेही सांगतो. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर आईने विचारले, "सोपाना, तुजं लोखंड खोटं हुतं, का माज्या नामाचं काय चुकलं?"

"लोखंड खोटं हुतं, आय."

मी बोलायला उठलो. मिस्त्रींनी माझे मनगट असे आवळले की मला बसावे लागले. नंतर म्हणाले, "मेलेल्याला चूक लावायची न्हाई. जित्यावर रागावली तर रागावू द्या तिला." ती हयात असेतो मी बोलू नये, असे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले. पुढे ती गेल्यावर मी सांगू लागलो, तर लोक म्हणाले, त्यानं स्वतः कबूल केलंय, सर, तुमी कशाला वकिली करता?

त्या कबुलीनंतर लगेचच गिऱ्हाइके तुटली आणि शेड बंद झाली. मिस्त्री मिरजगावला खडी फोडायच्या कामावर गेले. टँकर आला की आईसाठी घागर भरून आणीत, पण त्यांच्या हातचे पाणी ती घेत नसे. ते घागर शेजारणीच्या ओट्यावर ठेवून मागल्या वाटेने निघून जात. मग शेजारीण ती उचलून म्हातारीकडे नेई आणि म्हणे, "घ्या आत्याबाई, माज्या पोरानं आनलंय."