एकरी दहा मण

शेतीच्या अर्थशास्त्रात एम.ए. करतोय असं सांगितलं की गावातली माणसं मान डोलवायची आणि विचारायची, "मंग नोकरी कंची लागंल?" आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी, आजच्या ऐरोलीच्या बाजूला. सातवीनंतर मी ठाण्याला मामाकडे शिकायला गेलो तो गेलोच. मळणीच्या वेळी मी कधी घरी नसायचो, पण उत्पादनाची समीकरणं मात्र तोंडपाठ. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

सत्तरच्या दशकात नव्या शहरासाठी आमच्या जमिनी जाणार हे ठरलं होतं. मी प्रबंधाला विषय घेतला, बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या खारजमिनींचं उत्पन्न. सर खूश झाले. आपण गावासाठी काहीतरी करतोय असं मलाही वाटलं. छापील प्रश्नावल्या घेऊन घरोघर फिरायचं ठरवलं आणि सुरुवात बाबांपासून केली.

"एकरी भात किती होतं, बाबा?"

बाबांनी माझ्या तोंडाकडे नाही, हातातल्या कागदाकडे पाहिलं. "लिव, दहा मन."

त्या काळी सरकार लेव्हीचं भात घ्यायचं. जास्त पिकलं तर जास्त द्यावं लागे, म्हणून तलाठ्यापुढे खरं पीक कोणी सांगत नसे. कागद निघाला की निम्मं सांगायचं, ही आमच्याकडची रीतच होती. घरात नव्या आलेल्या सुनेलाही ते शिकवून ठेवायचे. मला हे ठाऊक होतं. पण मी काही तलाठी नव्हतो, मी त्यांचा पोरगा होतो, आणि तेवढ्या भरवशावर मी गावभरचे आकडे उतरवून घेतले. घरोघरचे आकडे एकमेकांशी जुळले याचा मला केवढा आनंद झाला! परीक्षकांनीही त्याचंच कौतुक केलं. मला पहिला वर्ग मिळाला आणि बाबांनी गावात पेढे वाटले.

पुढे जमिनी गेल्या. भरपाई तलाठ्याच्या वहीतल्या पिकावर ठरली, म्हणजे निम्म्यावर. बाबांनी वाढीव भरपाईसाठी दावा लावला. तो उभा राहीपर्यंत ऐंशीचं दशक लागलं होतं, आमच्या शेतात भराव पडला होता आणि मी बँकेत चिकटलो होतो. वकील म्हणाले, पीक जास्त होतं याला काही लेखी पुरावा हवा.

"हाय ना," बाबा म्हणाले. "माज्या पोराचा पुस्तक हाय."

मी प्रबंध आणून दिला. वकिलांनी विद्यापीठाचा शिक्का पाहिला, पहिलं पान पाहिलं आणि तो दाव्याला जोडला. मी तर तेवढंही उघडून पाहिलं नाही. दाव्यात बाबांनी कोणता आकडा दिलाय, हे विचारावंसंही मला वाटलं नाही. एवढा मी शिकलेला.

सुनावणीला बाबांनी धोतर-सदरा धुवून घातला होता. त्यांनी सांगितलं, एकरी खंडी. खंडी म्हणजे वीस मण. सरकारी वकिलांनी शांतपणे माझा प्रबंध उघडला.

"तुमच्या मुलानं दहा मण लिहिलंय. तुम्हालाच विचारून लिहिलंय. मग त्यानं खोटं लिहून पदवी घेतली का?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. मी मागच्या बाकावर होतो. त्या दिवशी प्रश्नावली घेऊन समोर बसलेला मी त्यांच्यासाठी तलाठीच होतो, हे मला तिथे, त्या बाकावर कळलं. उठून सांगायला हवं होतं की आकडे मी तपासले नाहीत, माझा प्रबंध चुकलाय. मी उठलो नाही. लाज वाटली, आणि भीतीही वाटली, नोकरी त्या पदवीवर मिळाली होती. आजही त्या गोष्टीला माझ्याकडे दुसरं कारण नाही.

बाबा पुन्हा पुढे वळले.

"नाय साहेब. पोराचा बराबर हाय, तो शिकल्याला हाय. माजाच चुकला. दहा मनच पिकायचा."

कारकुनाने ते लिहून घेतलं आणि बाबांनी त्याखाली अंगठा दिला.