पंगतीची भांडी

सासरे वकील होते, पण कज्ज्यांपेक्षा त्यांना जुन्या वस्तूंचा सोस. धुळ्याच्या आमच्या घरात आधी नाणी आली, मग ताम्रपट, तलवारी, दगडी मूर्ती. सुट्टीला छकडा जुंपून ते साक्रीकडच्या खेड्यांत जात आणि परतताना गाडीत माणसाला बसायला जागा नसे. मी त्यांची विधवा सून, मूलबाळ नाही. पुसण्याझटकण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मरताना त्यांनी घर वस्तूंसकट संग्रहालयासाठी एका मंडळाला दिलं आणि मागच्या दोन खोल्या माझ्या हयातीपर्यंत मला. संग्रहातली मीही एक वस्तू, असं मी म्हणायची. कोणी हसत नसे, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

तांब्याची मोठी भांडी मात्र लोकांनी आपण होऊन आणून दिली. खेड्यात पंगतीची भांडी गावकीची. देवळात ठेवायची, ज्याच्या घरी लग्न त्यानं न्यायची. संग्रहालय म्हणजे तसलंच काहीतरी, असा लोकांनी सरळ अर्थ घेतला. अडगळीतलं तपेलं, हंडा, परात घेऊन येत, आणि रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात ओंजळभर ज्वारी असायचीच. ‘रिकामं भांडं कसं देवानं, अक्का?’ लग्नसराई आली की हीच माणसं भांडी मागायला हजर. मी देत असे. नाही म्हणायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायची हौसही नव्हती.

एकदा एका म्हाताऱ्या आबांनी स्वतःच आणून दिलेलं सगळ्यात मोठं तपेलं गाडीत चढवलं आणि मागे वळून म्हणाले, ‘अक्का, तुम्ही बी चाला. भांडासवर नजर कोन ठेई?’

विधवेला लग्नघरी कोण बोलावतं? नवरा गेल्यापासून मी अक्षता पाहिल्या नव्हत्या. मी गेले. मांडवात नाही, मागे चुलाण्याजवळ बसले. वरण ढवळणाऱ्या बायकांनी मला कांदे सोलायला दिले आणि कोणाची सून माहेरी रुसून बसलीय, इथपासून सगळं सांगितलं. परतले तेव्हा बोलून बोलून माझा घसा बसला होता.

मग दर लग्नसराईला भांड्यांबरोबर मीही जाऊ लागले. भांडी परत येताना लापशी घेऊन येत, कधी गर्दीत मिसळलेली एखादी परकी परातही येई. तिचा धनी सापडला नाही की ती आमची. संग्रह असाही वाढत होता आणि माझं वर्ष त्या चार महिन्यांवर निघत होतं.

पुढे मंडळाच्या लोकांनी पुण्याहून एक विद्वान गृहस्थ आणले. त्यांनी एका फार जुन्या हंड्यात डोकावून पाहिलं, तर आत ताजी कल्हई चकचकत होती. त्यांनी कपाळाला हात लावला. मी सांगितलं, कल्हई नसलेल्या तांब्यात वरण शिजवलं तर माणसं मरतील. ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. महिन्याभरात काचेची कपाटं आली, किल्ली मंडळाच्या चिटणीसांकडे गेली. जुन्या वस्तू जपायच्या तर असंच करायला हवं, हे मला कळत होतं. तरी त्या माणसाचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढच्या लग्नसराईत त्या आबांची सून आली. आबा आता नव्हते. मुलीचं लगीन शे म्हणाली, तपेलं हवं होतं. मी कपाट दाखवलं, किल्लीचं सांगितलं. तिनं काचेतून आपल्या घरचं तपेलं बघितलं. लग्नाला नेसायचं एक धुवट लुगडं मी दोन दिवस आधीच घडी करून ठेवलं होतं.

‘मंग ऱ्हाऊ द्या, अक्का,’ ती म्हणाली. ‘आम्ही दुसरीकडथून आनसूत. तुम्हले आते तरास नही.’

बाई मनाची चांगली होती. जाताना माझ्या पायाही पडली. फक्त भांड्यांवाचून मला लग्नाला बोलवायची रीत नव्हती.