नलूने आखलेले डोळे

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. नवऱ्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तेही ताट वाढायच्या आधी सांगून टाकते, पोटात काही राहत नाही माझ्या — पण हे राहिलं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला काही विचारणार नाही, म्हणून असेल. नीटसं मलाही माहीत नाही.

मी सिनेमाचे संवाद लिहिते. फार मोठी कुणी नाही, पण माझा एक सिनेमा चालला. बराच चालला. पस्तिशी उलटलेली, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी प्रेमाचं माणूस शोधतेय आणि दरवेळी तिची काहीतरी फजिती होतेय, अशी ती गोष्ट. विनोदी. लोक पोट धरून हसले. अजूनही टीव्हीवर लागला की कुणीतरी फोन करतं — पुन्हा बघितला, पुन्हा हसलो! मी थँक्यू म्हणते आणि विषय बदलते.

ही मुलगी तुम्हाला सुचली कुठून, असं मला सगळीकडे विचारायचे. मी म्हणायची, डोक्यातून. खोटं. ती पेणच्या रामवाडीत आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची. अजूनही राहते. तिचं नाव नलू.

नलू आणि मी एका बाकावर बसून शाळा शिकलो. पुढे मी मुंबईला गेले आणि ती कारखान्यात आखणीला लागली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आमच्याकडे माती मळायला घरातलं कुणीही बसतं, रंगाचा हात कुणीही मारतं, पण डोळ्यांना प्रत्येकाचा हात चालत नाही. ते काम सगळ्यात शेवटी होतं. नलू ब्रश हातात घेते तेव्हा कारखान्यातला रेडिओसुद्धा बंद करतात.

तिला बघायला लोक येत आणि जात. कुणाला रंग पटला नाही, कुणाला वय. एकाच्या आईने तर तिच्या नखांत अडकलेला सोनेरी रंग बघून तोंड वाकडं केलं. मी पेणला गेले की नलू या सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. आम्ही पडवीत बसून इतक्या हसायचो की माझी आई आतून ओरडायची. मी म्हणायची, अगो, तुझ्यावर सिनेमा काढायला हवा. ती म्हणायची, "काढ की गो मंगे. हिरो तेवढा बरा दे."

म्हणजे त्या फजित्या मी चोरल्या नाहीत. तिनेच त्या माझ्या ओंजळीत घातल्या होत्या. पण — एक गोष्ट घातली नव्हती. ती तिने फक्त सांगितली होती. यातला फरक मला कळत नव्हता का? कळत होता. चांगलाच कळत होता.

रोह्याचा एक माणूस होता. सुरेश. कंपनीत शिफ्टला जाणारा, अबोल. बायको दोन वर्षांच्या संसारातच आजाराने गेली. मूल नाही, आईवडील आधीच गेलेले. पेणचे कारखाने हजारोंनी मूर्ती बाहेर पाठवत असले तरी आसपासच्या जुन्या घरांशी त्यांचा एक रिवाज अजून आहे. घरचा पाट आषाढात कारखान्यात आणून द्यायचा, आणि त्याच पाटावर त्या घरची मूर्ती घडवायची. सुरेशच्या घरचा पाट असाच वडिलांच्या वेळेपासून नलूच्या कारखान्यात यायचा. बायको गेल्यावर पहिल्यांदा तो पाट घेऊन आला, तेव्हा नलूने त्याला नेहमीसारखं विचारलं, मखर किती उंच असतं, पूजेला कोण बसतं? तो म्हणाला, "मीच. आता दुसरं कोण हाय."

त्या वर्षी नलूने त्याच्या मूर्तीची नजर थोडी खाली घेतली. सरळ समोर नाही — पूजेला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पडेल अशी. पुढच्या वर्षीही. मग दरवर्षी. त्याला तिने कधी सांगितलं नाही. त्याच्याशी बोलणं तरी काय व्हायचं? पाट कुठे ठेवू, गाडी कधी आणू, एवढंच.

मला मात्र तिने सांगितलं. एकदाच. या वेळी नक्कल नव्हती, हसणं नव्हतं. म्हणाली, "दहा दिवस तरी कुणीतरी त्याच्याकडे मायेनं बघावं गो. मला तर बघता येत नाय. मग बाप्पाच्या डोळ्यांनी बघते." आणि मग माझा हात घट्ट धरून — "कुणाला बोलू नको."

मी बोलले नाही. लिहिलं.

काय केलं ऐका. सिनेमात ती मुलगी तिच्या आवडत्या माणसाच्या मूर्तीचे डोळे असेच, त्याच्यावर नजर पडेल असे काढते. मग मूर्तींची अदलाबदल होते आणि ती मूर्ती जाते शेजारच्या ढेरपोट्या, टकल्या मामांच्या घरी. बाप्पा दहा दिवस त्या मामांकडे प्रेमाने बघतायत, आणि मामा घाबरून पूजेची जागा बदलतायत! सगळ्यात जास्त हशा तिथे. त्या प्रसंगासाठी मला बक्षीसही मिळालं.

सिनेमा लागला तेव्हा नलूला मीच घेऊन गेले. तोपर्यंत मी स्वतःला पटवत आले होते की तिला गंमत वाटेल. तिच्या बघण्याच्या कार्यक्रमांवर ती खळखळून हसली, मला कोपराने ढोसत होती. मग ते डोळे आले. थिएटर हसत होतं आणि माझ्या शेजारची खुर्ची गप्प झाली. मी मान वळवली नाही.

बाहेर आल्यावर ती भांडली असती तर? भांडली नाही. पदर सारखा करत म्हणाली, "छान केलायस गो. लोकं किती हसली." मग थोडं चालल्यावर विचारलं, "त्याने बघितला तर त्याला कळंल काय गो?" मी म्हटलं, वेडी का तू, सिनेमा कोण खरा मानतं. तिने मान हलवली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर भीती होती — आणि नुसती भीती नव्हती. थोडी आशाही होती. ती मी पाहिली.

इथवरचं वाईट आहे, पण इथवरचं मी कदाचित कुणाला सांगूही शकले असते. लिहिणारे आसपासचंच उचलतात, असं म्हणून सुटताही आलं असतं. पुढचं सांगायचंय. सांगते.

त्याच महिन्यात मी रामवाडीला आईकडे होते. माझा पेणमध्ये सत्कार ठरला होता. एका दुपारी दारात मोटरसायकल थांबली. सुरेश. मी त्याला एकदोनदाच पाहिलं होतं. वडखळच्या रस्त्यावरच्या धुळीने केस पांढरे झालेले, पण शर्ट इस्त्रीचा. बसला. पाणी प्यायला. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. त्याच्या घरच्या गणपतीचे फोटो होते, वर्षावर्षांचे. सगळे पूजेच्या जागेवर बसून काढलेले. आणि प्रत्येक फोटोत बाप्पा थेट फोटो काढणाऱ्याकडे बघत होते.

"ताई, शिफ्टवाल्यांबरोबर तुमचा सिनेमा बघितला," तो म्हणाला. "ते डोळ्यांचं... ते खरं हाय का? म्हणजे — नलूताईंच्या मनात..." कान लाल झाले होते. चाळिशीचा माणूस, आणि परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा बसला होता.

तो जाब विचारायला आला नव्हता हो. तो आशेने आला होता. हे मला तिथल्या तिथे कळलं. मी फक्त "होय" म्हणायचं होतं. दोन घरं सोडून नलू राहत होती. हाक मारली असती तर आली असती.

पण होय म्हटलं की पुढचं सगळं आलं. हे नलूचं होतं, तिने विश्वासाने सांगितलं होतं, मी ते बाजारात नेलं. मुलाखतींमधून मी स्वतःची कल्पना म्हणून मिरवलं, आणि सत्काराच्या पत्रिका तर छापून झाल्या होत्या. एवढं सगळं माझ्या मनातून गेलं तेव्हा तो कपबशी हातात धरून थांबला होता.

मी हसले. म्हटलं, "छे हो! सिनेमा आहे तो. मी रचलेलं आहे सगळं. नलू सगळ्यांच्याच मूर्तींचे डोळे तसे काढते. तिच्या मनात काही नाही, मला माहीत आहे ना."

"व्हय का," तो म्हणाला. मोबाइल खिशात ठेवला. "मला उगाच वाटलं. त्यांना सांगू नका हां, मी आलो होतो ते." चहा मात्र त्याने पूर्ण प्यायला. आईने आग्रह केला म्हणून बिस्किटही घेतलं.

त्या आषाढात त्याचा पाट आला नाही. नलूने वाट बघितली. पाट ठेवायची कोपऱ्यातली जागा तिने बरेच दिवस रिकामी ठेवली होती, असं कारखान्यातल्या एकीकडून मला कळलं. पुढल्या वर्षी सुरेशने नागोठण्याकडच्या एका बाईशी लग्न केलं. नलू आता बघण्याचे कार्यक्रम करत नाही. नकलाही करत नाही.

तिला वाटतं, सिनेमा बघून त्याला ओळखू आलं आणि त्याला किळस आली. गेल्या दिवाळीत तिने स्वतःहून विषय काढला. माझा चेहरा उतरलेला दिसला असेल, कारण तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "तुझी काय चूक नाय गो त्यात. त्याच्याच मनात नसंल." मी तिला पाठीवर हात फिरवू दिला.

त्याच्या मनात होतं. तो विचारायला आला होता, आणि नलूचं उत्तर काय आहे ते मला ठाऊक होतं. मी नाही म्हणून सांगितलं.